खालच्या वाटेचे पांढरे दगड

सरका जवळ. शेकोटीत काटकी टाका एखादी. आणि ऐका.

ही गोष्ट आपल्या वैजूची. गडद्यांची वैजू, लांब उत्तरेत जाऊन जंगलाचं शिकून आलेली. तिला काय वाटलं होतं? गावात परतावं, रोज माळाची बातमी सांगावी आणि लोकांनी डोळे विस्फारून ऐकावी. आणि झालं काय? दूध डेअरीच्या भिंतीवर तिनं फळा टांगला, वर झोकात लिहिलं, 'माळाची खबर'. खाली रोज काहीतरी. 'तलावावर चक्रवाक उतरले.' 'ओढ्याकाठी मोहळ बसलं.' लोक यायचे, किटली फळ्याच्या खिळ्याला अडकवायचे आणि फॅटचा आकडा बघायचे. चक्रवाकाकडे बघतो कोण!

मग एके दिवशी तिनं लिहिलं, 'लांडगीला पिल्लं झालीत. रविवारी माळफेरी. सगळ्यांनी यावं.'

अरे बाबा! फळ्यापुढं ही गर्दी. सर्जेराव तर दोनदा वाचून गेला.

"वैजूताई, घर दाखवणार ना नक्की?"

"दाखवणार की!"

"मग मी पुढं असणार. माझं कोकरू नेलंय. पाहुण्यांचं घर बघायलाच पाहिजे."

सगळे हसले. वैजूही हसली. गाव जागं झालं म्हणून तिला कोण आनंद! पोरीला हसणं कळलं, हसण्यामागचं कळलं नाही. एवढं ध्यानात ठेवा.

आता माळावर जिथं दोन वाटा फुटतात तिथली दगडांची रास तुम्ही पाहिलीय. जाणारा येणारा तिच्यावर एक दगड ठेवतो आणि वरच्या वाटेनं जातो. खालची वाट घळीकडं जाते. तिनं कोणी जात नाही.

"का जात नाही, आत्या?" वैजूनं विचारलं होतं.

"खाली चकवा आहे. दगडाच्या वजनानं गप असतो."

"कुणी पाहिलाय?"

"आधी दगड ठेव. मग विचार."

तिनं ठेवला नाही. उलट काय केलं, ऐका. शनिवारी दिवस कलताना चुन्याची बादली आणि पाटी घेऊन निघाली. लांडगीची घळ खालच्याच वाटेला, लोक चुकू नयेत म्हणून खुणा करायच्या होत्या. आणि दगड कुठले घेतले? राशीतले! आयते होते ना! पाटीभर उचलले, चुन्यात बुडवले आणि घळीपर्यंत ठेवत गेली. अरारा!

घळीच्या अलीकडे गवतात पालथी पडून राहिली. अंधारताना पिल्लं बाहेर आली. गुबगुबीत, कान अजून लोंबते. एकानं आईचं शेपूट दातात धरून ओढलं. आईनं त्याला नाकानं लोळवलं. वैजू हरखून गेली. वेळेचं भान उरलं नाही.

परत फिरली तेव्हा पूस महिन्यातला काळाकुट्ट अंधार. पण हातात बॅटरी, वाटेवर पांढरे दगड. भ्यायचं कशाला? एक दगड गेला. दुसरा गेला. तिसरा दिसला बाभळीच्या उजव्या अंगाला. ती थांबली. मी तर डाव्या अंगाला ठेवला होता. असो, विसरले असेन. चालली.

मग घंटी वाजली. मेंढीच्या गळ्यातली. टण... टण... मेंढरं तर कधीच गावात कोंडलेली. तुम्ही असता तर धूम ठोकली असती. ही? ही घंटीमागं गेली! बघायलाच पाहिजे ना! बॅटरी फिरवली. मेंढी नाही. गवताची काडी वाकलेली नाही. घंटी मात्र दोन हातांवर.

आणि हाक आली.

"वैजूताईऽऽ! घर दाखवणार ना?"

"सर्जेराव? कुठं आहात?"

ओ दिली की हो तिनं!

"इथंच. दगडादगडानं ये."

फट्‌दिशी बॅटरी विझली. आणि समोर दगडच दगड. पाटीत मावले नसते इतके. सरळ रांगेत, दातांसारखे पांढरे, आपापल्या उजेडात चमकणारे. वैजूचे पाय आपोआप पडू लागले. भीती नव्हती. पुढं काय आहे, ते बघायची नुसती ओढ. चकवा असाच धरतो, बरं का! ज्याची जी हौस, त्याच हौसेनं.

तेवढ्यात रांगेत काहीतरी आडवं. दोन डोळे. लांडगी! हलेना. दात विचकून गुरगुरली.

मागून सर्जेरावाचा आवाज, अगदी कानाशी. "दगड घाल तिच्या टाळक्यात! मग पिल्लं आपलीच!"

तेव्हा वैजूला ते फळ्यापुढचं हसणं कळलं. ती मागं सरली. पायाला लागून एक दगड घरंगळला, लांडगीच्या बाजूनं पुढं गेला. आवाज नाही. अजून नाही. मग खोल, खोल खालून... टक्.

कडा! लांडगीच्या शेपटीपलीकडं जमीनच नव्हती!

चकवा लागला तर चालू नये, बसावं, हे आत्याचं बोलणं आठवलं. वैजू होती तिथंच बसली. हाका येत राहिल्या. आईच्या आवाजात आल्या. शेवटी तिच्या स्वतःच्या आवाजात आल्या. तिनं ओ दिली नाही. लांडगी कधी उठून गेली, कळलं नाही.

उजाडलं. कड्यावर एकही दगड नव्हता. वाटेवरही नव्हता. वैजू धावत राशीपाशी आली. सगळे पांढरे दगड राशीवर जिथल्या तिथं रचलेले! बोट लावलं, चुना ओला. कुणी आणले? मातीत पावलं फक्त तिचीच. विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. आधी एक दगड शोधून राशीवर ठेवला.

डेअरीपुढं गाव जमलं होतं. सर्जेरावाच्या काखेत पोतं, पोत्यातून वाळल्या मिरच्यांचा वास. घळीत धूर करायची तयारी.

"चला, वैजूताई!"

"काल रात्री माळावर होतात का हो?"

"छ्या! रात्री तिकडं कोण मरायला जातंय?"

वैजूनं फळा पुसला. खडू घेतला आणि लिहिलं, 'आजची माळफेरी तलावावर, चक्रवाक बघायला. खालच्या वाटेला चकवा आहे. कुणीही, कधीही जाऊ नये.'

सर्जेराव चिडला. "एवढी शिकलेली तू, अन् चकवा म्हणतीस? कुणी पाहिलाय?"

वैजूनं हातावरचा खडू झटकला.

"आधी दगड ठेवा, सर्जेराव. मग विचारा."