वाघाचा पडदा

चंद्रपूरच्या बसस्थानकावर पोंभुर्ण्याच्या गाडीची वाट पाहत गिरजाबाई ताठ बसल्या होत्या. पाठीमागच्या बाकावर दोन दमलेले कलावंत बोलत होते. एकाची बोटे रंगाने माखलेली, दुसऱ्याच्या मांडीवर ढोलकी.

“इस्तारी, पडदा कुठी हाय?”

“कालच्या गावातच राह्यला, उमाजीभाऊ. काल तुमी नव्हते न, बायांनी देल्ला नाई.”

“काऊन?”

“मी नाचत, बोल म्हणत पडद्यावर वाघ काढून राह्यलो होतो न? अर्ध्यातच त्याले हळदकुंकू लावलं. म्हणे, वाघोबा आला.”

“अन् तुये बोल?”

“म्हणे, बापू, देवासमोर बडबडू नोको.”

“बरोबरच हाय! कॅसेट आयकून खूळ घेतलं. ना गाणं, ना पोवाडा, ठेक्यावर नुसतं भराभरा बोलणं. आपली साधी नाचगाण्याची दंडार कर म्हटलं होतं तुले. मी चाललो घरी.”

“अन् आजचा पोंभुर्ण्याचा खेळ?”

“पडद्याबिगर काय पाहतीन लोकं?”

“पाहाले काई नसंन, तं आयकतीन तरी.”

गाडी लागली. गिरजाबाई खिडकीशी बसल्या, तोच शेजारून उमाजीचा थकलेला आवाज आला.

“बाई, जरा सरकता काय जी? ढोलकी ठेवाची हाय.”