कुमुदताईनं मोजलेली धार

कुमुदताईच्या आई, दवाखान्यातली सारी मंडळी, आन् इथं जमलेल्या माय-बापहो, जय भीम.

मी हिंगणघाट डेपोचा कंडक्टर. आयुष्यभर गाडीत ओरडलो, "पुढं सरका, पुढं सरका." पण असं ताईच्या फोटोसमोर उभं राहून भाषण कराची पहिलीच वेळ. परवा झटक्यानं ताई गेल्या. अजून खरं वाटत नाई. चुकलं-माकलं सांभाळून घ्या.

इथं बसलेल्या बऱ्याच घरात सिकलसेल आहे. त्यायले सांगाची गरज नाई. बाकीच्यायसाठी सांगतो. या आजारात रक्तातल्या पेशी वाकड्या होतात आन् नसा अडवतात. डोक्यातली नस अडली त खेळतं लेकरू एका दिवसात लुळं पडते. ते आधीच कळावं म्हणून कुमुदताई वर्ध्याच्या दवाखान्यात डोक्याची सोनोग्राफी करत. आमी अडाणी माणसं, पोटाच्या सोनोग्राफीसारखं लेकराले तांब्याभर पाणी पाजून न्यायचो! ताई हसत, आन् आधी त्याले लघवीले मोरीवर पाठवत. मग कानशिलावर जेल लावून मशीनची दांडी ठेवत आन् मेंदूच्या नसेत रक्त किती वेगानं धावते ते मोजत. लेकरू रडलं त आकडा चुकते, झोपलं तरी चुकते. म्हणून त्या आधी लेकराले हसवत. मग म्हणत, "आता चूप. तुहं रक्त काय बोलते ते ऐकू दे मले."

आमची प्रणिता तवा सहा वर्षांची. पहिल्या वर्षी आकडा आला एकशे साठ. दुसऱ्या वर्षी दोनशे दहा. डॉक्टरसाहेब बाहेरगावी होते. ताईनं कागद देला आन् म्हणाल्या, "सोमवारी साहेबाले भेटाच, भाऊ. रिपोर्ट तेच समजावून सांगतीन."

म्या काय केलं? म्या पेढे आणले. हसा, हसा. मले वाटलं, आकडा वाढला, पोरगी पास झाली! नसेत धार जोरात आहे, म्हणजे नस दणकट. अख्ख्या डेपोत पेढे वाटले. सोमवारी ड्युटी लागली, गेलोच नाई. चांगल्या रिपोर्टसाठी खाडा काऊन कराचा?

बुधवारी ताई हिंगणघाटच्या स्टँडवर हजर. सुटी टाकून आलत्या. गाड्या-गाड्यायत मले शोधून राह्यल्या होत्या.

"सोमवारी काऊन नाई आले, भाऊ?"

म्या पेढा पुढं केला. त्यायनं घेतला नाई. म्हणाल्या, "नळाच्या तोंडावर अंगठा दाबून पाहा. धार जोरात येते. काऊन? जागा कमी झाली म्हणून. प्रणिताची नस बारीक होऊन राह्यली."

गाडी सुटाची वेळ झालती. ड्रायव्हर हॉर्न मारून राह्यला होता. माहा हात घंटीच्या दोरीवर गेलाच नाई. आन् खरं सांगतो, म्या त्यायच्यावरच चिडलो. म्हणालो, "पोरगी अंगणात उड्या मारते, तिले काय धाड भरली?"

ताई म्हणाल्या, "उड्या मारते म्हणूनच मी आली. पडल्यावर येऊन मी काय करू?"

दुसऱ्याच दिवशी पोरीले नेलं. मग दर महिन्याले रक्त चढवणं सुरू झालं. ज्यायनं माह्या हातचे पेढे खाल्ले, त्याच ड्रायव्हर-कंडक्टरायनं पाळीपाळीनं रक्त देलं. ते मागं बसले आहेत, त्यायचेबी उपकार. वर्षभरानं आकडा उतरला. तवा ताईनं सोता हात पुढं केला, "द्या आता पेढा."

लोक इचारतात, त्या बाईनं तुमच्यासाठी असं काय केलं? आता काय दाखवू मी? लेकरू लुळं पडलं असतं त सारं गाव पाहाले आलं असतं. नाई पडलं, ते कोण पाहते? आमी पाहतो. सकाळी कॉलेजले जाताना प्रणिता आपली वेणी आपल्या हातानं घालते. तिची माय चुलीपासून पाहते, मी दारातून पाहतो.

ताई, त्या दिवशी स्टँडवर तुमच्यावर आवाज चढवला. त्याची माफी मागाची राह्यलीच. आज मागतो.

मंडळी, आता उभं राहू. दोन मिनिटं कोणी बोलू नका. प्रणिता, तू पुढं ये, माय. फोटो उंच आहे, हार तूच घाल. दोन्ही हात वर कर. ताईले पाहू दे.