वेणूकाकूंची ओली टोपी

मंडळी, एक विचारू? रागावू नका हं! घरात कोणी गेलं की आपण म्हणतो — "सुटली बिचारी!" म्हणतो की नाही? पण खरंच सुटते का हो? यमदूत आले, घेऊन गेले — ते त्यांचं काम. पण घरानं सोडलं का तिला? आँ? मान हलवू नका, ऐका!

गुहागरच्या बाजूला समुद्राकाठचं एक गाव. तिथे दिगंबर ओक नावाचे गृहस्थ — पोस्टातून निवृत्त झालेले. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. पत्नी वेणूकाकू. मुलगा मुकुंद, सून ऋजुता — दोघंही नोकरीला. आणि या तिघांचं घड्याळ कोण? वेणूकाकू! पहाटे पाचला आंघोळ. मग दूध, देव, दोन डबे, अण्णांची रक्तदाबाची गोळी.

आता काकूंचे केस कमरेखाली. रोज भिजले तर वाळणार कधी? म्हणून सूनबाईनं पुण्याहून काय आणलं? शॉवर कॅप! हसताय? हसा! पुढे बसलेल्या काही मंडळींना या टोपीची गरज नाही, हे मला इथूनच दिसतंय!

पण ही टोपी साधी नव्हती बरं का. साधी टोपी कशीही टाकली की चुरगळते, घडीत पाणी राहतं, आणि कोकणच्या हवेत दोन दिवसांत बुरशी! हिला माथ्यावर कडी होती. खुंटीला अडकवली की तोंड खाली, उघडं. पाणी आपोआप निथळून जायचं. सकाळी ओली टोपी टांगली, की संध्याकाळी कोरडी ठणठणीत. हे ध्यानात ठेवा!

एका सोमवारी काकूंनी आंघोळ केली, टोपी टांगली, देवापुढे पाटावर बसल्या. हातात काडी. दिवा लावणार — आणि तशाच कलंडल्या. गेल्या!

दहाव्याला पिंड ठेवला. कावळा शिवायला कधी कधी दुपार होते, लोक नवस बोलतात — ठाऊक आहे ना? इथे पिंड ठेवायचा अवकाश, कावळा आला, शिवला, उडाला! लोक म्हणाले, "बघा, कसली इच्छा राहिली नाही. पुण्यवान बाई!"

तेरावं झालं. चौदाव्या दिवशी सकाळी सहाला ऋजुता न्हाणीघरात गेली. आणि ऐकते तर काय — टप… टप…

खुंटीवरची टोपी निथळत होती!

"मुकुंद, ही टोपी तू घातलीस?" "मी? वेड लागलंय का तुला?" सूनबाईचे केस मानेपर्यंत, तिला टोपी लागतच नव्हती. अण्णा तर अजून अंथरुणात!

त्या दिवशी टोपी पुसून कपाटात ठेवली. कुलूप लावलं. दुसऱ्या सकाळी कपाट बंद, कुलूप जागच्या जागी — आणि टोपी खुंटीवर! ओली! आत हात घातला तर, मंडळी… कोमट होती.

गुरुजींना विचारलं. म्हणाले, "काही इच्छा राहिली असेल." "अहो, पण कावळा शिवला ना!" "तरीही." मग काय, सवाष्णीला जेवू घातलं, पुरणपोळी केली, देवीला साडी नेसवली. आणि सकाळी? टप… टप…

शेवटी अण्णा पहाटे पाचला न्हाणीघराच्या बंद दाराशी जाऊन बसले. आतून तांब्याचा आवाज आला. पाणी पडलं. आणि अंगावर काटा आला त्यांच्या! आत कोणीतरी पुटपुटत होतं — "दूध वर येईल… देव राहिलेत… मुकुंदची भाजी चिरायचीय… यांची गोळी…"

दार ढकललं. कोणी नाही! वाफ तेवढी, आणि खुंटीवर हलणारी टोपी.

अण्णांनी देवघराकडे पाहिलं — अंधार! कळलं त्यांना! इच्छा नव्हती हो राहिली, कामं राहिली होती! सुतक फिटून इतके दिवस झाले, पण देवापुढे कोणी दिवा लावला नव्हता. "करू उद्यापासून" — प्रत्येकानं दुसऱ्यावर टाकलेलं!

अण्णांनी दोघांना उठवलं. दुसऱ्या पहाटे तिघं कामाला लागले. मुकुंदनं भाजी चिरली, ऋजुतानं डबे भरले, अण्णांनी दिवा लावला, आपली गोळी आपण घेतली. टोपीला हात लावला — कोरडी!

झालं, गोष्ट संपली? कुठली संपते! आठ दिवस टोपी कोरडी राहिली, आणि अण्णांना करमेना! बायको गेली त्या दिवशी रडले नव्हते, ते आता कोरडी टोपी बघून रडायला लागले. नवव्या दिवशी काय केलं असेल? मुद्दाम दिवा लावला नाही! कळतंय का? तिनं यावं म्हणून!

पाच वाजले. तांब्या वाजला! अण्णा दाराला कान लावून बसले, चेहरा नुसता फुललेला.

पण आज आतून पुटपुटणं नाही. धाप! आठ दिवसांनी कुठे विसावली होती, तिला पुन्हा ओढून आणलेलं! "आले हं… आलेच…" तांब्या हातून निसटला. भिंत चाचपल्याचा आवाज. आणि मग — "आई गं…"

चाळीस वर्षांच्या संसारात हा शब्द अण्णांनी कधी ऐकला नव्हता. ती म्हणालीच नव्हती, की यांनी कधी कान दिला नव्हता? तुम्हीच सांगा!

धावले अण्णा! काड्या ओढल्या, तीन विझल्या. चौथी लागली. तिथूनच ओरडले — "वेणू, दिवा लागला गं! दूध मी बघतो! तू येऊ नकोस! आता येऊ नकोस!"

पाणी थांबलं.

आत गेले, तर टोपी फरशीवर पडलेली. टांगायचंही त्राण उरलं नव्हतं तिला! अण्णांनी ती उचलली, झटकली, आणि जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या हातानं खुंटीला वाळत घातली. संध्याकाळी वाळली. पुन्हा कधी ओली झाली नाही.

पेटीवाले, सूर धरा, पण हळू. मला मागच्या रांगा दिसतायत. चार जणी पदर सावरून उठल्यात — दूध तापवायचं असेल, कुकर लावायचा असेल. बसा माय, बसा! आज आरती तुमच्या हातची. आणि पुढे मांडी घालून बसलेले तुम्ही — हो, तुम्हीच! उठा! प्रसाद घरी पोचेल. काय म्हणता? दूध कुठल्या पातेल्यात तापवतात ते ठाऊक नाही?

मग विचारा की तिला! आहे ना अजून!