हॅलोजनखालचे तारे

आमच्या घरचा एक नियम आहे, बरं का: अंधार पडल्यावर मुलींनी शेतात जायचं नाही. का, ते विचारायचं नाही. आणि नाशिकच्या झगमगाटात तारे दिसेनात, म्हणून सुट्टीत घरी आल्यावर मी कॉलेजच्या मैत्रिणींना नामपूरजवळच्या आमच्या शेतात बोलावून बसले होते!

काका म्हणाले, "येऊ दे. पण बांधावर हॅलोजन लावतो."

"काका, उजेडात तारे कसे दिसतील?"

"मग दुपारी बघा."

आजोबांनी मान डोलावली. वर काका म्हणतात, "या आठवड्यात शेताच्या मोटरला लाइट रात्रीचीच हाय. माझे गुडघे लय दुखतात. कांद्याला पाणी सोडायला नेहमीसारखी तूच जा."

म्हटलं, "नाही जाणार. मैत्रिणी येतील आणि हॅलोजन बंद राहील, तरच जाईन."

काकांनी आजोबांकडे बघितलं, आजोबांनी छपराच्या पत्र्याकडे.