बिनदात्याचा नर

नाही, पेटी हलवू नकोस, जुई, पंख झडतात – खुर्ची इकडे ओढ आणि इथूनच बघ. तिथं नको बसूस. पुण्याहून इथं हबीबगंजपर्यंत रेल्वेत बसून आलीस ती या मातकट पतंगांसाठी ना? यांच्या जीनसवर, म्हणजे या गटावर, आजवर दोनच लेख, दुसरा माझा. आणि तो चुकीचा आहे – हो, चुकीचा. मिशा बघ. याच्या मिशांना कंगव्यासारखे दाते, त्याच्या नुसत्या दोऱ्यासारख्या. मी लिहिलं – दातेवाला नर, बिनदात्याची मादी, जात एकच. कोण अडवणार? प्राणी-सर्वेक्षणाच्या दफ्तरात साहेब मीच. एकटी मृणाल म्हणाली – माझ्या हाताखाली होती, तुझ्याच वयाची, भारी जिद्दी – 'सर, या दोन जाती आहेत. पोट उघडून तर बघा, बिनदात्यांतही नर निघतील.' मला शिकवत होती! तिचा लेख मी परत केला. शेरा मारला – पुरावा अपुरा, नवे नमुने आणा. ऑगस्ट होता. ऑगस्टात जंगलात पाठवतं का कुणी? नाही पाठवत. मी पाठवलं.

पिपरियाच्या पुढं नाल्याला पूर आला, जीप वाहून गेली. मृणाल सापडली ती तिसऱ्या दिवशी. तिची पिशवी झाडाला अडकलेली – आत डबी, डबीत अकरा पतंग, कोरडे. हेच ते.

उघडलं ना पोट! महिन्याभरानं, दार लावून. बिनदात्याचा पहिलाच – नर. दुसरा – तोही नर. म्हणजे दोन जाती. कुणाला सांगितलं? अगं, कुणाला सांगणार... अनंतराव आले होते, तिचे वडील, तिचं सामान न्यायला. जिन्यात थांबून विचारलं, 'साहेब, पोरीच्या कामात काही अर्थ होता का हो?' तेव्हा मला माहीत होतं, बरं का – आदल्याच आठवड्यात उघडलं होतं. आणि मी म्हणालो – हुशार होती, पण अजून शिकत होती. त्यांनी हात जोडले. मला!

बावीस वर्षं झाली. चार वाजता चहाला बसलो की तिथून, तुला बसू दिलं नाही त्या जागेवरून, मृणाल म्हणते – 'सर, उघडून तर बघा.' उघडलं गं, म्हणतो. ऐकतच नाही.

आहेत ना अनंतराव. साकेत नगरला, मुलाकडे, नव्वदीला टेकलेत. – मी? नाही, नाही, मी नाही येणार. तू जा. सांग, दोन जाती होत्या. माझं नाव नको घेऊस – नाही, घे. घेच. उचल पेटी, सावकाश. आणि नीघ, बेटा, आता काही विचारू नकोस.