एका दगडावर दोन व्याही

रशियाच्या उत्तर टोकाला, एकेकाळी कैद्यांच्या छावण्या असलेल्या वोर्कुतात थडग्यांवरचे फोटो बनवणाऱ्या दुकानात झिनाइदा रांगेत उभी होती. पुढच्या म्हाताऱ्याने काउंटरवर दोन जुने फोटो ठेवले.

"हे दोघं एकाच दगडावर हवेत, बाई."

"भाऊ का?" दुकानदारणीने विचारलं.

"व्याही. हे माझ्या बाबांचे वडील, कैद्यांच्या छावणीवर पहारेकरी. आणि हे आईचे वडील, त्याच छावणीत नऊ वर्षं कैदी."

"अगं बाई! आणि तरी सोयरीक झाली?"

"पोरांनी जमवलं. कोण ऐकतंय यांचं!"

"मग लग्नात जुंपली असेल."

"छे! मासे कुठे लागतात यावर बोलत बसले. पुढे वीस वर्षं दर रविवारी नदीचा बर्फ फोडून शेजारी शेजारी गळ टाकायचे."

"आणि छावणीचा विषय?"

"अवाक्षर नाही. पहारेकरी आजोबा आधी गेले, ऐन जानेवारीत. जमीन नुसती लोखंड झालेली. कैदी आजोबांनी कुदळ उचलली आणि एकट्याने खड्डा खणला. सत्तरीचा माणूस, पण कुणाला हात लावू देईना."

"का हो?"

"'गोठलेली जमीन खणायला मी याच्याच पहाऱ्यात शिकलो,' म्हणाले."

दुकानदारणीने दोन्ही फोटो हळूच एका पाकिटात ठेवले. काउंटर मोकळा झाला, तरी रांग पुढे सरकली नाही.