बंदरावरचा युसुफ

मनवा : काका, तीन वाजून गेले. शुक्रवारी युसुफ फोनला इतका उशीर करतो कधी?

गुणाजी : नाय. नमाज झाली की अडीचला करतो. नऊ शुक्रवार झाले, एकदा चुकला नाय. तू बस गो. उभी राहून काय फोन वाजत नाय.

मनवा : मला आधी एक सांगायचंय. शांताकाकी यायच्या आत.

गुणाजी : ती पाणी भरून येतेय. बोल.

मनवा : सोमवारी कॉलेजात माझा सेमिनार झाला. विषय तोच, सरकारं जिथे बोलत नाहीत तिथे कोण बोलतं. मी सांगितलं, चाच्यांनी जहाज पळवून त्यांच्या बंदरात नेलं त्याला चार महिने झाले, मालक गायब, दूतावासाकडून नुसती पत्रं येतात. आणि त्यातल्या एका खलाशाची, काकींच्या वैभवची खबर काढतो काळाचौकीतला एक म्हातारा, पूर्वीचा बोटीवरचा कुक.

गुणाजी : माझं नाव घेतलंस? घे. इथे बसून माझं काय वाकडं होणार?

मनवा : फक्त तुमचं नाही घेतलं.

गुणाजी : मग?

मनवा : सरांनी विचारलं, पुरावा काय. मी मूळची बीएस्सीची, काका. स्रोत सांगितल्याशिवाय विधान करायचं नाही, तीन वर्षं आमच्याकडून हेच घोटून घेतलं. मी म्हटलं, तिथल्या बंदरावरचा युसुफ. पूर्वी काकांच्या हाताखाली होता, आता त्या लोकांना रेशन पोचवतो, म्हणून त्याला जहाजावर सोडतात.

गुणाजी : वर्गातच बोललीस ना?

मनवा : कॉलेजने त्याचा व्हिडिओ नेटवर टाकला. मला काल कळलं, लगेच काढायला लावला. तोपर्यंत एकशे बारा जणांनी बघितला होता.

गुणाजी : मराठीत?

मनवा : इंग्रजीत.

गुणाजी : त्याला चार पोरं हायत गो. वैभवचा दम्याचा पंप त्याने पिठाच्या गोणीतून नेला.

मनवा : काका, त्याला पकडलं असेल का?

गुणाजी : माहीत नाय. तिथे घरटी एक युसुफ. बोट दाखवणारा कोणी मिळाला नाय तर वाचेल. आपण दाखवायचं नाय, एवढंच हातात.

शांता : इलो फोन?

गुणाजी : नाय वहिनी. बसा. ह्या पोरीच्या तोंडून युसुफचं नाव बाहेर गेलंय. त्या चाच्यांनी फोनवर विचारलं तर तुम्ही युसुफला ओळखत नाय.

शांता : आणि मी खोटा बोलतंय म्हणान त्येंनी माझ्या झिलाक काय केल्यानी तर?

गुणाजी : नाव सांगितलं तर युसुफ जाईल. मग वैभवला औषध कोण नेणार?

शांता : ह्यो हिशोब माका सांगा नको, भावजी.

मनवा : काकी, माझी चूक...

शांता : तू बोला नको. आज तरी माझ्याशी बोला नको.

(फोन वाजतो.)

गुणाजी : युसुफचा नंबर नाय हा.

मनवा : नका उचलू. नाही, उचला काका.

गुणाजी : हॅलो. येस. येस, मदर इज हिअर. वहिनी, वैभव आहे. तुमच्याशीच बोलायचं म्हणतायत.

शांता : वैभवा... होय रे, मीच... रडतंस कित्याक?... कोण?... सावकाश सांग.

मनवा : काय विचारतोय तो?

गुणाजी : गप.

शांता : युसुफ?... तुका कोणी सांगल्यानी ह्या इचारूक?... नाय रे बाबा. आमच्यात खयचो युसुफ?... शपथ? तुझी?... हां. ऐकतंत मा ते?... तुझ्या गळ्याची शपथ, वैभवा. माका ठावक नाय.